सोलापूरची चिनी सून

एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’चें पारायण आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलें आहे. उपवर मुलीनें तें वाचलें म्हणजे तिला मनासारखा वर मिळतो, अशी समजूत. ही समजूत कितपत खरी, हा वाद आम्ही येथें उपस्थित करीत नाहीं. परंतु एक गोष्ट आम्हांस नेहमींच नवलाची वाटत आली आहे. ज्या समाजानें शतकानुशतकें मुलीला तिच्या विवाहाविषयीं एक अक्षरहि विचारलें नाहीं, त्यानेंच तिच्या हातीं वाचावयास दिला तो ग्रंथ स्वतः निवड करणाऱ्या मुलीचा! विदर्भाच्या राजकन्येपुढें दोन देशींचे दोन वर होते: एक चेदीचा, भावानें ठरविलेला; दुसरा दूर द्वारकेचा, तिनें मनानें वरलेला. तिनें पत्र पाठविलें, रथ आला, आणि कथा सुफळ संपूर्ण झाली.

कथेची सोय अशी कीं, तेथें निवड एकदांच करावी लागते. प्रत्यक्ष आयुष्यांत मात्र रथ निघून गेल्यावरहि तोच प्रश्न पुनःपुन्हां दाराशीं येऊन उभा राहतो. सोलापूरच्या एका घराशीं विवाहानें जोडल्या गेलेल्या परदेशी स्त्रीची अशीच हकीकत आज वाचकांपुढें मांडावी असा विचार आहे. तिनें वरलेल्या पहिल्या पुरुषाचें नांवहि द्वारकानाथ होतें, हा अर्थातच निव्वळ योगायोग.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचें चरित्र महाराष्ट्राला नव्यानें सांगण्याची आवश्यकता नाहीं. जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१० चा. वैद्यकाचें शिक्षण मुंबईस गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयांत. ज्या सोलापुरानें १९३० च्या मे महिन्यांत लष्करी कायदा अनुभवला आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा व जगन्नाथ शिंदे हे आपले चार पुत्र फांसावर जातांना पाहिले, त्या सोलापूरचा हा तेव्हांचा वीस वर्षांचा तरुण. जपाननें चीनवर स्वारी केल्यावर सेनापति जू-दे यांनीं पंडित नेहरूंकडे मदत मागितली. राष्ट्रसभेचे त्या वेळचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनीं देशाला आवाहन केलें. आणि १ सप्टेंबर १९३८ रोजीं मुंबई बंदरांतून पांच डॉक्टरांचें पथक निघालें. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसु व मुकर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. वडिलांच्या निधनाची वार्ता त्यांना चीनमध्येंच कळली. ते परतले नाहींत. १९३९ च्या फेब्रुवारींत पथक येनानला पोंचलें. पुढें एकेक जण स्वदेशीं परतला. बसु सर्वांत शेवटीं, १९४३ मध्यें. कोटणीस मात्र उत्तरेकडील छापामार युद्धाच्या डोंगराळ मुलुखांतच राहिले.

इतकी हकीकत सोलापूरच्या शाळकरी मुलालाहि ठाऊक असते. ज्या स्त्रीनें या परदेशी डॉक्टराशीं संसार मांडला तिच्याविषयीं विचाराल तर “त्यांनीं एका चिनी परिचारिकेशीं लग्न केलें” एवढें एक वाक्य मिळतें, आणि त्या वाक्यांतहि कर्ता पुरुषच. जणूं निवड करणारे ते एकटेच होते!

क्वो चिंगलान हिचा जन्म १९१६ सालचा, शान्सी प्रांतांतील फन्-यांग येथला. परिचारिकेचें शिक्षण घेऊन ती पेकिंगच्या प्रसिद्ध वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत काम करूं लागली. तें रुग्णालय अमेरिकन पैशावर चालणारें, पूर्व आशियांत अग्रगण्य मानलें जाणारें. १९३७ च्या जुलै महिन्यापासून पेकिंग जपानी अंमलाखालीं होतें. पण रुग्णालयाच्या भिंतींच्या आंत नोकरी सुरक्षित होती, वेतन नियमित होतें, आणि तेथें शिकलेल्या मुलीला प्रतिष्ठित घराण्यांतून मागणी येणें अवघड नव्हतें. तशांत कॅथलीन हॉल नांवाची न्यूझीलंडची एक मिशनरी परिचारिका पेकिंगहून औषधें आणि माणसें गुपचुप डोंगरांतील आठव्या सेनेकडे पोंचवीत असे. डॉ. नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन शल्यवैद्याला तिचें मोठें साहाय्य होतें. तिच्याच मार्गानें चिंगलान १९३९ मध्यें शहर सोडून निघाली. देशाची सीमा तिनें ओलांडली नाहीं खरी. परंतु शत्रूच्या ताब्यांतील शहरांतून निघून जिथें रुग्णालय म्हणजे एखाद्या शेतकऱ्याचें मातीचें घर, अशा गनिमी मुलुखांत जाणें यापेक्षां दुसरें देशांतर तें कोणतें? तिची पहिली निवड ती हीच. त्या वेळीं तिच्या आयुष्यांत कोणी कोटणीस नव्हता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. ती कोणा पुरुषामागून डोंगरांत गेली नाहीं. ती गेली, आणि तेथें तिला तो भेटला.

बेथ्यून १२ नोव्हेंबर १९३९ रोजीं रक्त दूषित होऊन वारले. पुढील वर्षीं जून महिन्यांत त्यांच्या समाधीच्या समारंभास कोटणीस व बसु गेले, तेव्हां चिंगलाननें या सांवळ्या डॉक्टराला प्रथम पाहिलें. ती त्या वेळीं बेथ्यूनच्या नांवानें चालणाऱ्या आरोग्यशाळेंत परिचर्या शिकवीत असे. १९४१ च्या जानेवारींत कोटणीस बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांति रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. तोंवर ते चिनी भाषा बोलूं लागले होते, तींत व्याख्यानें देऊं लागले होते. १९४१ च्या नोव्हेंबरांत त्या दोघांचा विवाह झाला.

या विवाहांतील एका तपशिलावर आम्हांस थोडें थांबावेसें वाटतें. आपल्याकडे मुलगी सासरीं आली कीं तिचें आडनांव तर जातेंच, पण तांदुळांत बोट फिरवून तिचें पाळण्यांतलें नांवहि बदलण्याची रीत. सोलापूरच्या घरांत चिंगलान आली असती तर ती कोणती तरी सीता किंवा सुशीला झाली असती. चीनमध्यें विवाहित स्त्री माहेरचें नांव सोडीत नाहीं. क्वो चिंगलान ही अखेरपर्यंत क्वो चिंगलानच राहिली. नांव बदललें तें वराचें! शांतिनिकेतनच्या चीना भवनाचे प्रमुख तान युन-शान यांनीं पांचहि हिंदी डॉक्टरांना चिनी नांवें दिलीं होतीं आणि प्रत्येकाच्या शेवटीं ‘हुआ’ हें अक्षर जोडलें होतें. ‘हुआ’ म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘के दी-हुआ’. त्या मुलुखांतील शेतकरी त्यांना याच नांवानें ओळखत. सोलापुरांतील त्यांच्या मातुःश्रींना हें नांव उच्चारणेंहि कठीण गेलें असतें. १९४२ च्या ऑगस्टांत पुत्र झाला. सेनापति न्ये रोंगझेन यांनीं त्याचें नांव ठेविलें ‘यिन-हुआ’: ‘यिन’ म्हणजे हिंदुस्थान, ‘हुआ’ म्हणजे चीन. दोन देश एका पाळण्यांत निजविले, परंतु त्या पाळण्याला झोका देणारे दोन हात फार दिवस उरले नाहींत. अपस्माराचे झटके कोटणीसांना आधींपासूनच येत. अपुरें अन्न आणि अविश्रांत श्रम यांनीं ते वाढले. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. मूल चार महिन्यांचेंहि नव्हतें. चिंगलान सव्वीस वर्षांची होती, आणि लग्नाला जेमतेम एक वर्ष झालें होतें.

येथून पुढें दोन कथा सुरू होतात. एक पडद्यावरची, दुसरी प्रत्यक्षांतली.

ख्वाजा अहमद अब्बास यांनीं १९४४ मध्यें या पथकाची हकीकत इंग्रजींत लिहिली. तिच्या नांवाचा अर्थ असा कीं, एक जण परत आला नाहीं. तिच्यावरून व्ही. शांताराम यांनीं १९४६ मध्यें ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. कोटणीसांची भूमिका त्यांनीं स्वतः केली, चिंगलानची जयश्रीबाईंनीं. आमच्या आधींच्या पिढीनें तो पाहिला, आम्हीं तो पुढें पाहिला, आणि शेवटच्या प्रसंगीं प्रेक्षागृहांत डोळे टिपणारी माणसें आम्हांस आजहि आठवतात. त्या शेवटीं विधवा चिंगलान आपलें मूल घेऊन सोलापूरच्या घरीं येते. मुलगा गेला, पण सून आली, वंशाचा अंकुर आला. उंबरठा ओलांडून तो आंत आला आणि कथेचें वर्तुळ पुरें झालें.

चित्रपट म्हणून तो शेवट हृद्य आहे, हें नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाहीं. पण तसें घडलें नाहीं. चित्रपट लोक पाहत होते तेव्हां चिंगलान चीनमध्यें होती, आणि तेथेंच राहिली. नुसत्या अडचणींच्या नांवाखालीं हें झांकतां येणार नाहीं. अडचणी होत्याच: १९४२ मध्यें ब्रह्मदेश जपाननें घेतल्यावर हिंदुस्थानाकडे येणारा खुष्कीचा रस्ता बंद झाला होता, आणि तान्ह्या मुलासह शत्रूच्या वेढ्यांतून निघणें म्हणजे जिवावरचेंच काम. परंतु १९४५ मध्यें युद्ध संपलें. बसु तर त्याच्याहि आधीं परतले होते. तिला यावयाचेंच असतें तर केव्हां ना केव्हां मार्ग निघाला असता असें आम्हांस वाटतें. ती आली नाहीं. पुढें तिनें एका चिनी गृहस्थाशीं दुसरा विवाह केला. त्या संसारांतहि तिला मुलें झालीं. आणि समुद्रकांठच्या दालियन शहरांत तिनें आपलें उर्वरित आयुष्य घालविलें.

ही गोष्ट सोलापुरांत कोणी फारशी काढीत नाहीं. हुतात्म्याच्या पत्नीनें पुन्हां लग्न केलें, हें वाक्य आपल्या कानांना अजूनहि खुपतें. चित्रपटकारांनीं तिला सोलापुरास आणलें तें यासाठींच, असें आम्हांस वाटतें. त्यांच्या प्रेक्षकाला या तरुण विधवेपुढें दोन मार्ग दिसूं शकत नव्हते. एकच दिसत होता, आणि तो नवऱ्याच्या घराकडे जात होता. मग नवऱ्याचें घर तिनें कधीं डोळ्यांनीं पाहिलेलें नसलें तरी बिघडलें काय?

ती खरोखर आली असती तर तिच्या वांट्याला काय आलें असतें, याचा विचार भावनेला थोडें बाजूला सारून करून पाहावा. घरची माणसें मायेचीं होतीं, हें पुढच्या इतिहासानें दाखविलें. प्रश्न घराचा नव्हे, तें घर ज्या समाजांत उभें होतें त्याचा आहे. धोंडो केशव कर्व्यांनीं १८९३ मध्यें गोदूबाईंशीं पुनर्विवाह केला तेव्हां मुरुड गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यानंतर अर्धें शतक लोटलें तरी मध्यमवर्गांत विधवेचा विवाह ही वर्तमानपत्रांत छापण्याजोगी बातमी होती. कायद्यानें त्याला मुभा १८५६ पासूनच होती. पण त्याच कायद्याचें दुसरें कलम असें कीं, विधवेनें पुन्हां लग्न केलें तर पहिल्या पतीच्या मिळकतींतील तिचा हक्क ती मेली असें समजून संपुष्टांत यावा. आणि तिसऱ्या कलमान्वयें मुलांच्या पालकत्वासाठीं मृताचे नातेवाईक न्यायालयांत जाऊं शकत. म्हणजे नवें घर मांडावयाचें तर जुन्या घराच्या हिशेबीं मरावयाचें. परभाषी सुनेचें तर सोलापूरला वावडें नव्हतें. जुन्या गिरणीचा भोंगा १८७७ च्या सुमारास वाजूं लागल्यापासून तेलंगणांतून विणकरांचीं कुटुंबेंच्या कुटुंबें या गांवांत आलीं, आणि मराठी, कानडी व तेलुगु या तीन भाषा एकाच बोळांत नांदूं लागल्या. कुंकू लावलेली परकी सून या गांवानें सामावून घेतली असती. कुंकू पुसलेली तरुण विधवाहि सामावून घेतली असती. मात्र तिनें विधवाच राहावें या अटीवर.

चीनमध्येंहि ही अट नवी नव्हती, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. मांचू राजवटींत पतीमागें अविवाहित राहिलेल्या विधवांच्या नांवानें सरकारी आज्ञेनें दगडी कमानी उभारल्या जात. आणि त्या कमानीच्या मानासाठीं कित्येक घराण्यांनीं आपल्या सुनांचीं आयुष्यें दगडाचीं केलीं. परंतु चिंगलान ज्या चळवळींत वाढली ती या कमानींविरुद्ध उठलेली होती. १९५० च्या चिनी विवाहकायद्यानें तर विधवेच्या पुनर्विवाहांत कोणीं अडथळा आणूं नये असें पहिल्याच प्रकरणांत लिहून ठेविलें. तेव्हां चिंगलानपुढें एका बाजूस होतें तें एका मृत पतीचें दूरचें घर, त्या घरची माया, आणि जन्मभराचें वैधव्य. दुसऱ्या बाजूस होती आपली भाषा, आपलें काम, आणि पुन्हां एकदां संसार करण्याची मोकळीक. तिनें दुसरी बाजू घेतली. आम्हांस विचाराल तर तींत कोटणीसांशीं प्रतारणा तिळमात्र नाहीं. ज्या मनुष्यानें तिला वरलें त्यानें स्वतःच घरची ओढ बाजूस सारून काम पत्करलें होतें. त्याच्या पत्नीनेंहि तसेंच केलें तर ती त्याची खरी सहधर्मचारिणी ठरते.

याच सुमारास महाराष्ट्राच्या दुसऱ्या एका घरांत याच्या उलट प्रकार घडला, तो तुलनेसाठीं सांगण्यासारखा आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे देशोदेशीं भटकत मेक्सिकोस पोंचले, तेथें शेतकीचे प्राध्यापक झाले, आणि १९३६ मध्यें त्यांनीं जान सिंदिक या बेल्जियन स्त्रीशीं विवाह केला. एक देश आधींच सोडून आलेली ही बाई पुढें पतीबरोबर नागपुरास आली. एक आली, एक आली नाहीं. यांत एकीला थोर व दुसरीला उणी ठरविण्याचा मोह कोणाला होत असेल तर त्यानें एवढेंच आठवावें कीं, सौ. खानखोजे यांच्या शेजारीं त्यांचे पति चालत होते. चिंगलानला यावयाचें होतें तें एकटीला, आणि तेंहि एका आठवणीच्या घरीं.

आणि तरीहि ती आली! ती कथा चित्रपटाहून अधिक मनोरम आहे, पण ती सांगावयास कोणी पटकथाकार मिळाला नाहीं. १९५८ मध्यें, पतीच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनीं, ती प्रथम भारतांत आली आणि कोटणीस कुटुंबियांना भेटली. त्यानंतरहि ती येत राहिली. दुसऱ्या विवाहानें हें नातें तुटलें नाहीं. मुंबईस राहणाऱ्या कोटणीसांच्या भावंडांनीं तिला आपलीच मानली. शास्त्रांत या नात्याला नांव नाहीं. मृत भावाची दुसरीकडे नांदणारी पत्नी ही कोण लागते? कायद्यानें तर ती त्या घराला मेलेली. त्या घरानें मात्र कायदा वाचला नाहीं, हें त्या घराचें मोठेपण; आणि हा मोठेपणा आमच्या मतें एखाद्या स्मारकाहून कमी मोलाचा नाहीं.

पुढें १९६२ आलें. ज्या दोन देशांचीं नांवें जोडून एका मुलाचें नांव केलें होतें ते हिमालयांत एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. यिन-हुआ तेव्हां वीस वर्षांचा होता. बापाप्रमाणें तोहि वैद्यकाकडे वळला. पण १९६७ मध्यें, शिक्षण पुरें होण्यापूर्वींच, उपचारांतील चुकीमुळें तो दगावला. पंचविशीहि त्यानें पुरी पाहिली नाहीं. चित्रपटांत ज्या मुलाला कडेवर घेऊन ती सोलापूरचा उंबरठा ओलांडते, तो मुलगा प्रत्यक्षांत आईच्या हातून असा गेला. या मृत्यूविषयीं मराठींत लिहिलेलें आमच्या पाहण्यांत फारच थोडें आहे. कोटणीसांच्या चरित्राचा शेवट १९४२ मध्यें करण्याची संवय लागल्यामुळें असेल, पण त्या घराचें खरें निःसंतान होणें आपण नोंदविलेंच नाहीं.

कोटणीसांची समाधि आज शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या उद्यानांत आहे. बेथ्यूनचीहि तेथेंच आहे. भारताचे राष्ट्रपति के. आर. नारायणन् यांनीं २००० सालीं कोटणीसांच्या पुतळ्यास पुष्पें वाहिलीं तेव्हां चिंगलान उपस्थित होती. दोन राष्ट्रांमधील सौजन्याच्या समारंभांत तिला मानाचें स्थान मिळूं लागलें होतें. अशा समारंभांतून माणसाचें प्रतीक फार लवकर होतें, आणि प्रतीकाला कोणी प्रश्न विचारीत नाहीं. सुदैवानें तिनें आपली हकीकत स्वतः लिहून ठेविली. २००६ मध्यें तिचें इंग्रजी भाषांतर निघालें. ग्रंथाचें नांव आहे, ‘कोटणीसांसमवेत माझें जीवन’. पहिला परिचय १९४० चा, मृत्यु १९४२ चा. म्हणजे तो सहवास उणापुरा अडीच वर्षांचा. त्यानंतर ती एकोणसत्तर वर्षें जगली. दुसरा संसार केला, मुलें वाढविलीं, एक मुलगा गमावला, राज्यक्रांति आणि सांस्कृतिक क्रांति पाहिली. आणि हें सारें पाहून झाल्यावर, वार्धक्यांत स्वतःच्या आयुष्याला नांव द्यावयाची वेळ आली तेव्हां तिनें तें अडीच वर्षांचें दिलें.

सोलापुरांत भैय्या चौकाजवळील कोटणीसांच्या जुन्या घरीं महानगरपालिकेनें उभारलेलें स्मारक २०१२ मध्यें खुलें झालें. त्याच वर्षीं, २८ जून रोजीं, दालियन येथें वयाच्या शहाण्णवाव्या वर्षीं क्वो चिंगलान वारली. स्मारकांत तिचें छायाचित्र आहे. पाहणारे त्यापुढें थांबतात आणि पडद्यावरच्या जयश्रीबाईंशीं तिचा चेहरा ताडून पाहतात.